एक नोंद, अनेक दफ्तरे



वसंत व्याख्यानमालेत काव्यावर व्याख्यान ठेवले तर मंडळी कविता ऐकायला येतात, अध्यात्मावर ठेवले तर शांती मिळवायला येतात. सरकारी कचेऱ्यांच्या दफ्तरावर व्याख्यान आहे असे कळल्यावर मंडळी कशासाठी येतील, असा प्रश्न चालकांना पडला असल्यास नवल नाही. कचेरीला जाणे आपण शक्य तोवर टाळतो. मग संध्याकाळच्या गार वाऱ्यात बसून तिच्याविषयी ऐकावे कोणी? तरीही आपण एवढ्या संख्येने आलात. याचा अर्थ माझ्या समजुतीप्रमाणे एवढाच की, ज्याच्या घरात एखादा सातबारा, एखादी मिळकत पत्रिका किंवा घरपट्टीची पावती आहे, अशा प्रत्येकाला या विषयाचा चटका कधी ना कधी बसलेला आहे.

विषय असा. एका कामाशी चार खात्यांचा संबंध येतो. चारही खाती त्याची माहिती आपापल्या वह्यांत लिहितात. या चार वह्यांच्या जागी सर्वांना मिळून एकच सामाईक दफ्तर संगणकावर उभारावयाचे, ज्याला हल्ली सर्रास डेटाबेस म्हणतात, तर ते कसे उभारावे, त्यापासून लाभ कोणता आणि धोका कोणता? हा प्रश्न कारखान्यात पडतो, रुग्णालयात पडतो, विद्यापीठात पडतो. परंतु महाराष्ट्रात त्याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत बोधप्रद उदाहरण जमिनीच्या नोंदींचे आहे. म्हणून मी तेच घेतो.

कल्पना करा की, निफाड तालुक्यात एका गृहस्थाची दोन एकरांची द्राक्षबाग आहे. त्याच्या या एका तुकड्याला किती कचेऱ्या ओळखतात? तलाठ्याच्या दफ्तरात गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. पहिल्यात मालकी व इतर हक्क, दुसऱ्यात पिके. या दोहोंच्या जोडीलाच आपण सातबारा म्हणतो. भूमी अभिलेख खात्याकडे त्याच तुकड्याचा नकाशा आणि मोजणीचे कागद. दुय्यम निबंधकाकडे त्या तुकड्याचे खरेदीखत, गहाणखत आणि त्यांची सूची, जिला वकील मंडळी इंडेक्स टू म्हणतात. बँकेकडे किंवा विकास सोसायटीकडे त्याच तुकड्यावरील कर्जाचा बोजा. आणि शहरालगत असाल तर नगरपालिकेची वा महानगरपालिकेची घरपट्टीची नोंद वेगळीच. जमीन एक, चिखल एक, वेल तेच. पण कागदावर तिचे पाच अवतार.

आता कोणी म्हणेल, हा खात्यांचा करंटेपणा आहे. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रत्येक खाते आपल्या कामापुरते शहाणे होते. इंग्रज सरकारने १८३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यात इंदापूरपासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या हातून नवी पाहणी सुरू केली, ती सारा ठरविण्यासाठी. सरकारला हवा होता सारा; तो कोणत्या शेतावर किती, आणि भरणार कोण, एवढेच तिला विचारायचे होते. पुढे शेते सावकाराच्या घशात जाऊ लागली आणि हक्क कोणाचा याविषयी तंटे माजले, तेव्हा १९०३ साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा स्वतंत्र कायदा झाला. १९०८ चा नोंदणी कायदा याहून वेगळ्या हेतूचा. दस्त खरोखरच झाला, त्यावर सही करणारा समोर हजर होता, याचा पुरावा जपणे हे त्याचे काम. विकणारा त्या जमिनीचा धनी होता की नव्हता, याचा निवाडा करणे हे त्याचे काम नव्हे. अशा रीतीने महसूल खाते शेताला ओळखते, मोजणी खाते हद्दीला ओळखते आणि नोंदणी खाते कागदाला ओळखते. तिघांनाही आपल्याला जमीन कळली असे वाटते.

खरा घोटाळा होतो तो या खात्यांमधल्या मोकळ्या जागेत.

खरेदीखत नोंदले गेले की निबंधकाने त्याची खबर महसूल खात्याला द्यावी, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५४ मध्ये आहे. ती खबर वर्षानुवर्षे कागदावर, टपालाने जात असे. ती पोचली की तलाठ्याने फेरफाराच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना सहामध्ये, नोंद धरावयाची. चावडीवर प्रत लावावयाची, हितसंबंधी लोकांना नमुना नऊची नोटीस द्यावयाची. पंधरा दिवसांत कोणाची हरकत आली नाही, तर मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करावयाची, आणि मग सातबाऱ्यावर नाव बदलावयाचे. ही पद्धत विचारपूर्वक बांधलेली आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण टपाल वाटेत राहिले, गठ्ठ्यात दडले किंवा तालुक्याच्या टेबलावर निजले, तर काय होते? जमीन विकलेली असते आणि सातबाऱ्यावर नाव मात्र जुन्याच धन्याचे असते. तो प्रामाणिक असेल तर ठीक. नसेल, तर तो त्याच सातबाऱ्याचा उतारा घेऊन दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जातो, किंवा तिसऱ्या बँकेत कर्जाला उभा राहतो. दोन्ही कचेऱ्यांची दफ्तरे आपापल्या जागी बिनचूक असतात. लबाडी मधल्या बोळातून पळून जाते. आणि भरडला जातो कोण? ज्याने आयुष्याची पुंजी घालून जमीन घेतली तो.

या दुखण्यावरचा विचार जगात दुसरीकडे झाला, तो निराळ्या निमित्ताने. १९७० साली आय.बी.एम. कंपनीतील एडगर कॉड या गणितज्ञाने मोठ्या सामाईक माहितीसाठ्यांची रचना कशी असावी, यावर एक निबंध प्रसिद्ध केला. आज जगभर बँकांचे, रेल्वेचे, कचेऱ्यांचे जे संगणकी दफ्तर चालते, त्यातील फार मोठा भाग या निबंधातील विचारावर उभा आहे. गणित बाजूला ठेवून त्यातले व्यवहाराचे तत्त्व सांगायचे तर असे: माहिती साध्या तक्त्यांत मांडावी, प्रत्येक ओळीला तिची स्वतःची ओळख असावी, आणि एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी. दुसऱ्याला ती हवी असेल तर त्याने तिची नक्कल करू नये, त्या जागेकडे बोट दाखवावे. नक्कल केली की दोन सत्ये जन्माला येतात, आणि दोन सत्यांपैकी एक लवकरच शिळे होते.

आपल्याकडे ही गोष्ट समजायला गणितज्ञाची गरज नव्हती. एकत्र कुटुंबात कोठी एक असते. जेवणारे पंचवीस असतात, पण कोठीची किल्ली एकीच्याच कमरेला असते. कोठीत काय आहे हे सर्वांना विचारता येते. त्यात घालणे-काढणे मात्र तिच्या हातून होते. प्रत्येक सुनेने आपल्या खोलीत वेगळा डबा भरून ठेवला, की घरात तांदूळ किती हे कोणालाच सांगता येत नाही. सामाईक दफ्तर म्हणजे कोठी आणि किल्ली या दोहोंची व्यवस्था. पुष्कळ कचेऱ्या कोठी बांधतात आणि किल्लीचा विचार विसरतात.

याच गोदाकाठी आणि त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या घरी यात्रेकरूंच्या नामावळी आहेत. कोणत्या गावचे, कोणत्या आडनावाचे कुळ कोणत्या उपाध्यायांकडे, हे ठरलेले असते. कुळातील माणूस आला की त्याला पूर्वजांची नावे वाचून दाखवतात, आणि नवी नावे त्याच्याच सांगण्यावरून, त्याच्या समक्ष, पुष्कळदा त्याच्याच हस्ताक्षरात चढतात. यात श्रद्धेचा भाग असेल तो असो. दफ्तराच्या दृष्टीने पाहिले तर यात तीन शहाणपणे आहेत. एका कुळाची नोंद एकाच घरी. नोंद ज्याची त्याच्याच तोंडून. आणि जुनी नोंद खोडून न टाकता तिच्याखाली नवी लिहिणे. संगणक आणणाऱ्या कोणत्याही खात्याने या वह्या एकदा पाहाव्यात.

आता महाराष्ट्राने काय केले ते पाहू. जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याची केंद्राची योजना १९८८-८९ साली देशातील आठ जिल्ह्यांत प्रयोगादाखल सुरू झाली; त्यांत आपल्या राज्यातील वर्धा जिल्हा होता. पहिली कित्येक वर्षे हे काम म्हणजे हस्तलिखित सातबारा यंत्रात टंकून घेणे, इतकेच होते. वही गेली आणि पेटी आली; कचेऱ्यांमधला बोळ जसाच्या तसा राहिला. २००८ साली राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला, आणि नोंदणी, महसूल व मोजणी ही तीन कामे एकमेकांस जोडावयाची हा हेतू उघडपणे पुढे ठेवला गेला. नोंदणी खात्याची मध्यवर्ती संगणक व्यवस्था आणि महसूल खात्याची ई-फेरफार ही आज्ञावली यांची सांगड घातली गेली. दस्त नोंदला की त्याची खबर टपालाच्या थैलीत न जाता थेट तलाठ्याच्या पडद्यावर जाते आणि फेरफाराची कारवाई तेथून सुरू होते. १ मे २०१८ रोजी तलाठ्याची डिजिटल सही असलेला सातबारा लोकांसाठी खुला झाला. पंधरा रुपये भरून तो घरी बसून काढता येऊ लागला.

ऐकायला हे सुरळीत वाटते. पण मधली हकिगत अधिक शिकविणारी आहे. दोन दफ्तरे शेजारी मांडल्याबरोबर, इतकी वर्षे निवांत झोपलेल्या विसंगती उठून बसल्या. गटाचे एकूण क्षेत्र एक, आणि त्यातील खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज दुसरीच. कागदावर ही बेरीज कोणी मारली नाही म्हणून चालले. यंत्राला ती चालेना. एकाच माणसाचे नाव एका ठिकाणी रामचंद्र गणपत, दुसऱ्या ठिकाणी रामभाऊ गणपतराव. एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, तेव्हा जुन्या खतात एक आकडा आणि नव्या उताऱ्यात दुसरा. वाटणीनंतर मोजणी खात्याचे आकारफोड पत्रक यायचे राहिले आणि सातबाऱ्यावर मात्र पोटहिस्से पडले. लोक म्हणू लागले, संगणकाने घोळ घातला. वस्तुतः घोळ जुनाच होता. दिवा लावल्यावर तो दिसला, इतकेच.

मग सरकारने जो उपाय केला तो मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण तो संगणकाचा नव्हता. २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचनाची मोहीम झाली. संगणकावरचा सातबारा छापून गावात नेला, लोकांपुढे मोठ्याने वाचला आणि चुका मागितल्या. ज्याची जमीन, तोच तिचा उत्तम तपासनीस. पडद्यासमोर बसलेल्या कारकुनाला जी चूक शंभर वेळा दिसत नाही, ती बांधावरच्या म्हाताऱ्याला एका वाचनात कळते. चुलतभावाचे नाव वर आले की तो तत्काळ हात वर करतो!

या सर्व हकिगतीतून कोणत्याही खात्याला, संस्थेला, तुमच्या-माझ्या सहकारी बँकेलाही घेता येतील असे चार नियम निघतात. सभेत कचेरीत काम करणारे पुष्कळ असतील. त्यांच्यासाठी ते थोडक्यात मांडतो.

पहिला नियम: प्रत्येक रकान्याला एक धनी नेमा. क्षेत्रफळ कोणी लिहायचे? मोजणी खात्याने. दस्ताचा क्रमांक? निबंधकाने. हक्काची नोंद? महसूल खात्याने. बोजा? कर्ज देणाऱ्याच्या कळविण्यावरून महसूल खात्याने. बाकीच्यांनी वाचावे, लिहू नये. सामाईक म्हणजे सर्वांनी लिहावयाचे, असा अर्थ घेतला की सहा महिन्यांत त्या दफ्तराचा उकिरडा होतो.

दुसरा नियम: नावावर विसंबू नका, ओळख-क्रमांक द्या. नावे सारखी असतात, आडनावे बदलतात, मुली सासरी जातात. प्रत्येक भूखंडाला एकच कायम क्रमांक देण्याची भू-आधार नावाची योजना याचसाठी निघाली. हा क्रमांक पाचही कचेऱ्यांनी वापरला, तरच पाच अवतारांमागची जमीन एक आहे हे यंत्राला कळते.

तिसरा नियम: खोडरबर देऊ नका. काय बदलले, कोणी, कधी आणि कोणत्या कागदाच्या आधारे, हे दफ्तरातच राहिले पाहिजे. आपल्या जुन्या फेरफार नोंदवहीचे मोठेपण यातच आहे. सातबारा आजची स्थिती दाखवतो. फेरफार ती कशी आली ते सांगतो. ज्या संगणकी दफ्तराला असा इतिहास ठेवता येत नाही, ते वहीपेक्षा हीन समजावे.

चौथा नियम: जुनी माहिती आत घेण्यापूर्वी तिच्या धन्याला वाचून दाखवा. यंत्र विकत घेणे सोपे आहे. माहिती निवडणे, जुळविणे, पडताळणे हे काम कंटाळवाणे, बिनकौतुकाचे, आणि खर्चाच्या अंदाजात ज्याची ओळ नेहमी राहून जाते असे आहे. सामाईक दफ्तराचे यश मात्र बव्हंशी त्यावरच ठरते.

येथवर लाभाची बाजू झाली. धोक्याची बाजू सांगितली नाही तर व्याख्यान एकांगी होईल.

पाच वह्यांत पाच वेगळ्या नोंदी होत्या, तेव्हा गैरसोय फार होती. पण एक खोटी ठरली तर दुसरी साक्षीला असे. एकच दफ्तर झाले की साक्षीदार उरत नाही. तेथे शिरलेली चूक सायंकाळपर्यंत सर्व कचेऱ्यांत सत्य म्हणून पोचते. शिवाय कागदावरच्या चुकीपुढे माणूस होता. त्याच्याशी भांडता येत असे. आता खिडकीवरून उत्तर येते, "सिस्टीम घेत नाही." हे उत्तर देणाऱ्याला चूक दिसते, ऐकणाऱ्याला दिसते, आणि ती दुरुस्त करण्याचा अधिकार मात्र तिसऱ्याच कोणाकडे असतो. संहितेच्या कलम १५५ मध्ये लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची वाट आहे. ती वाट पडद्यावरही तितकीच रुंद ठेवणे हे खात्याचे कर्तव्य आहे.

दुसरे असे की, दफ्तराला त्याच्या योग्यतेपेक्षा मोठे करू नये. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ पासून रॉबर्ट टॉरेन्स यांची पद्धत चालू झाली. तेथे सरकारी नोंदवहीतले नाव हाच मालकीचा आधार, आणि सरकार त्याची हमी घेते. आपले तसे नाही. कलम १५७ प्रमाणे हक्कनोंदीतील नोंद खरी मानली जाते, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. उतारा घरबसल्या मिळाला, त्यावर सही आहे, म्हणून खतपत्रे न पाहता जमीन घेणारा मनुष्य पूर्वीइतकाच फसू शकतो. फक्त अधिक वेगाने.

आणि आता मला जे सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. दफ्तर कितीही सामाईक झाले, तरी ज्याचे नाव त्यात कधी शिरलेच नाही, त्याचे काय?

१९८६ च्या नोव्हेंबरात आपल्या जिल्ह्यात, चांदवडला, शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून बायका आल्या होत्या. त्यातून पुढे शरद जोशी यांच्या पुढाकाराने लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली: नवऱ्याने आपणहून जमिनीचा काही हिस्सा बायकोच्या नावावर करून द्यावा. किती साधी मागणी! नांगरामागे, निंदणीला, खुरपणीला, द्राक्षाच्या विरळणीला जी राबते, तिचे नाव सातबाऱ्याच्या एका ओळीत यावे. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला. कायदा झाला, पण सातबाऱ्यावर नाव चढते ते वारसाची वर्दी दिल्यावर. वारसाहक्काने जमीन मिळालेल्या माणसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावे, असे संहितेचे कलम १४९ सांगते. धनी गेल्यावर दुःखात बुडालेल्या घरात ही वर्दी कोण देतो? थोरला भाऊ देतो. वारसांच्या यादीत बहिणीचे नाव घालायचे की नाही, हेही पुष्कळदा तोच ठरवतो. सामाईक दफ्तर ही गळलेली बहीण चारही खात्यांत सारख्याच तत्परतेने गाळील.

मग उपाय? मृत्यूची नोंद जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ प्रमाणे एकवीस दिवसांत ग्रामपंचायतीत किंवा महानगरपालिकेत करावीच लागते. २०२३ च्या दुरुस्तीने या नोंदींचा राज्यव्यापी आणि राष्ट्रीय संग्रह ठेवण्याची व तो इतर यंत्रणांना उपलब्ध करून देण्याची तरतूद झाली आहे. मृत्यूची ही नोंद जर महसुलाच्या दफ्तराशी जोडली, तर खातेदार गेला हे तलाठ्याला कोणी सांगण्याची वाट पाहावी लागणार नाही. वारसांची चौकशी आपोआप उभी राहील, आणि नोटीस विधवेला आणि मुलींनाही जाईल. त्यांनी हक्क सोडायचा असेल तर सोडतील, पण तो त्यांच्या तोंडून सुटेल. खाती जोडण्याचे जे सामर्थ्य आज आपल्या हाती आहे, त्याचा याहून चांगला उपयोग मला दिसत नाही. खरेदीदाराची सोय झाली, बँकेची सोय झाली, सरकारचीही झाली. आता जी कधी कचेरीची पायरी चढली नाही, तिचीही व्हावी.

श्रोतेहो, यातले पुष्कळसे सरकारने करावयाचे आहे. परंतु थोडे आपणही करावयाचे आहे. आपल्या वडिलांच्या जमिनीचा सातबारा, खाते उतारा आणि शेवटचे दोन-तीन फेरफार काढा. घरातील सर्वांना, विशेषतः आई-बहिणींना, एकदा मोठ्याने वाचून दाखवा. कोणाचे नाव आहे, कोणाचे नाही, क्षेत्राची बेरीज जुळते की नाही, फिटलेल्या कर्जाचा बोजा अजून उभा आहे काय, ते पाहा. चूक सापडली तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. घरातले हे चावडी वाचन अर्ध्या तासाचे काम आहे. त्याला ना यंत्र लागते, ना मध्यस्थ.